वाऱ्याला पॉलिसीत जागा नाही

विमा कंपनीतली माणसं रुक्ष असतात, असं लोक म्हणतात. लातूरच्या आमच्या ब्रँचमध्ये क्लेमच्या टेबलावर बसून मी जितका हसलो आणि जितका चिडलो, तितका आयुष्यात दुसरीकडे कुठे नाही! किस्से नुसते साठत जातात. एक बरं, त्यांना वरून मंजुरी लागत नाही.

भूकंपानंतर गावात स्लॅबवर आणखी स्लॅब टाकायची कुणाची छाती होईना. त्यातच क्लासेसची लाट आली. मग जो तो गच्चीवर पत्र्याच्या खोल्या काढून विद्यार्थी ठेवू लागला. भीतीपोटी घराचा विमाही बऱ्याच जणांनी काढला. आणि एका मे महिन्यात, भर दुपारी असं वादळ आलं की अर्ध्या गावाचे पत्रे उरलेल्या अर्ध्या गावात जाऊन पडले.

* * *

आमच्याकडे पत्र्यांवर दगड ठेवायची पद्धत, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. भूकंपानंतर बऱ्याच जणांनी ते धसक्यानं खाली उतरवले.

पुण्याहून बदलून आलेले आमचे मॅनेजर साहेब पहिल्याच क्लेमवाल्याला म्हणाले, "पत्र्यावर दगड का नव्हते? हा निष्काळजीपणा आहे!" क्लेम नामंजूर.

दुसऱ्याच्या पत्र्यावर दगड होते. ते पत्र्यांसकट कोसळले आणि त्याचंच न्हाणीघर फुटलं. साहेब म्हणाले, "एवढे दगड वर ठेवले कशाला? हा तर शुद्ध निष्काळजीपणा!"

तो बिचारा हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमच्या घरावर काय हाय ते सांगा, तसंच करतो."

साहेब म्हणाले, "मी भाड्यानं राहतो."

* * *

नांदेडच्या ब्रँचचा एक किस्सा आमच्यापर्यंत पोचला होता. अर्धापूरच्या एका केळीवाल्याच्या घराची भिंत त्याच वादळात पडली. ऑफिसनं त्याला सांगितलं, "दुरुस्तीच्या आधी फोटो काढून आणा."

फोटो आला. सगळं कुटुंब ठेवणीतले कपडे घालून ओळीनं उभं, आजोबांच्या डोक्याला फेटा, आणि मागे चक्क धबधबा! फोटोग्राफरनं आपला स्टुडिओतला पडदा घरी नेऊन लावला होता.

"अहो, भिंत कुठंय?"

"पडद्यामागं हाय की! पडकी भिंत फोटोत बरी दिसत न्हाई, म्हणला त्यो."

* * *

आता हमीदाआपा. नवरा गेल्यावर आपांनी गच्चीवर पत्र्याच्या खोल्या काढल्या आणि क्लासला आलेल्या मुली ठेवल्या. मुखेडची, किनवटची, कुठकुठली मुलगी त्यांच्या हातचं जेवून शिकत होती. वादळानं सगळं छप्पर नेलं. नवी बॅच सुरू व्हायला आली होती. मुखेडच्या सुरेखाचे वडील तर सांगूनच गेले होते, "पत्रे न्हाई बसले, तर पोरीला घरी घेऊन जातो. शिक्षण बास."

अडचण अशी की पॉलिसी घरगुती. मुली ठेवल्याचं कळलं तर क्लेम बुडाला! म्हणून सर्व्हेअर तपासणीला आला, तेव्हा आपांनी सगळ्या मुलींची ओळख "माझ्या भाच्या" अशी करून दिली.

सर्व्हेअर म्हणाला, "सगळ्या एकाच वयाच्या?"

"बहिणी लई हायत."

"आणि ही कपाळाला टिकली लावलेली?"

"ती सुरेखा. ती बी भाचीच. तिची आई म्हंजे मी राखी बांधलेल्या भावाची बायको."

नात्याचा हा गुंता सोडवता सोडवता सर्व्हेअरला घाम फुटला. नुकसान लिहून घेऊन तो निघाला. जिन्यात थांबून हळूच म्हणाला, "आपा, माझ्या मेहुण्याची मुलगी यंदा क्लासला येतेय. जागा आहे का?"

आपा म्हणाल्या, "भाची करून घ्यावी लागंल!"

* * *

सर्व्हेअरचा रिपोर्ट उत्तम गेला. तरी क्लेम अडकला, तो साहेबांपाशी. साहेबांच्या मते त्या दिवशी लातुरात वादळ झालंच नव्हतं. "तो फक्त जोराचा वारा होता. पॉलिसीत वादळ आहे, वाऱ्याला पॉलिसीत जागा नाही!" तसं त्यांनी हेड ऑफिसला लेखी कळवूनही टाकलं.

आपा म्हणाल्या, "भाच्या ताडपत्रीखाली अभ्यास करायल्यात साहेब. पाऊस तोंडावर हाय."

"नियम म्हणजे नियम."

"मंग त्या वाऱ्याला तरी नियम सांगायचा व्हता की, जरा जोर लावून वादळ हो म्हणून!"

मी हसलो, पण मनातून संताप आला होता. साहेबांना मुली दिसत नव्हत्या, फक्त व्याख्या दिसत होती.

* * *

आणि मग तो सोमवार. सुरेखाचे वडील तिला न्यायला मुखेडहून आले होते. ट्रंक बांधून झाली होती. आपा त्यांना म्हणाल्या, "एक तास थांबा. जाताना जरा माझ्यासंगं एक वस्तू उचलू लागा."

दोघं ऑफिसात आले ते चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक धरून. साहेबांच्या केबिनमध्ये ते भिंतीला टेकवलं आणि आपांनी चादर ओढली.

आमच्याच ब्रँचचा बोर्ड! पत्त्यासकट, आणि खाली मोठ्या अक्षरांत "तुमचं घर, आमची जबाबदारी". त्याच मे महिन्यातल्या दुपारपासून तो गायब होता. साहेबांनी वर कळवलं होतं, चोरीला गेला.

"हा... हा तुम्हाला कुठं मिळाला?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या घरामागच्या बोळात. काल राडारोडा उचलला, तर खाली ह्यो निघाला."

"पण तुमचं घर तर पार त्या टोकाला! एवढ्या लांब हा गेला कसा?"

आपांनी चादरीची नीट घडी घातली.

"आता वादळ तर झालंच न्हाई, साहेब. चालतच आला आसंल!"