ए-एस-डी-एफपासून आईचं इंग्लिश

मी बारावी झाले तेव्हा तंजावरात जो तो सांगत होता, आता सगळीकडे कम्प्युटर येणार, मुलीला टायपिंगला घाला. वडिलांनी घातलं. इन्स्टिट्यूट माडीवर होतं, बॅच संध्याकाळची. परतायला अंधार व्हायचा, म्हणून आई सोबत यायची आणि दाराजवळच्या बाकावर मोगऱ्याचा गजरा बांधत बसायची.

डाव्या हाताची करंगळी ए-वर, मग एस, डी, एफ. उजवी करंगळी सेमीकोलनवर. माझी करंगळी काही केल्या दबेना. कागदावर ए नुसता पुसट उमटायचा. शिवाय माझी नजर सारखी बोटांकडे जायची. शेवटी टीचरनी माझ्या हातांवर टॉवेल पसरला. मी रडकुंडीला आले.

आई माझ्याकडे काळजीनं बघत होती, आणि तिचे हात आपले आपण गजरा बांधत होते. टीचरनी ते पाहिलं. तमिळमध्ये म्हणाल्या, "मामी, शेजारचं मशीन रिकामं आहे. या, बसा."

"मी? मला इंग्लिश वाचता येत नाही," आई म्हणाली. ते खरंच होतं. मराठी आमच्या घरात फक्त बोलण्यापुरती, वाचायला तिला तमिळ तेवढं यायचं.

"माझ्या पाठोपाठ म्हणत राहा. बाकी बोटांना कळेल."

टीचरनी तिचं एकेक बोट उचलून जागेवर ठेवलं. "ए, एस, डी, एफ," आई मोठ्यानं म्हणू लागली, स्तोत्र म्हणावं तशी. मागच्या मुली तोंडाला ओढणी लावून हसल्या. आईचे कान लाल झाले, पण ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी चप्पल घालून दारात उभी होती.

मग घरातही तेच सुरू झालं. इडल्या शिजेपर्यंत तिची बोटं ओट्यावर चालायची. "अस्की बोटं ऐकतात गं," ती म्हणायची. अस्की म्हणजे आमच्याकडे सगळी. "ही उजवी करंगळीच तेवढी आळशी." माझी डावी, तिची उजवी. आम्ही दोघी समोरासमोर बसून करंगळ्या आपटायचो. माझा ए हळूहळू काळा उमटायला लागला.

एका संध्याकाळी परतताना ती रस्त्यातच थांबली. समोर नव्या टेलिफोन बूथची पिवळी पाटी होती. आईच्या डाव्या हाताची बोटं पिशवीवर हलली.

"एस... टी... डी," ती म्हणाली. "बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे काय गं?"

"दूरच्या गावाला फोन लावता येतो इथून."

तिनं पाटी पुन्हा वाचली. मागून सायकलवाले घंटी वाजवत होते, एक रिक्षावाला ओरडला, पण तिला बाजूला ओढायला माझं मन होईना. त्या रात्री जेवताना तिनं वडिलांना सांगितलं, "आज मी इंग्लिश वाचलं." वडिलांनी पापडाच्या डब्यातून आणखी एक अप्पळम तिच्या पानात वाढलं आणि बराच वेळ हसत होते.

परीक्षेला बसायचा टीचरनी तिला फार आग्रह केला. "परीक्षा हिची," आई म्हणाली. "मला पाट्या वाचता आल्या, खूप झालं." मी पास झाले. पुढं कम्प्युटरही शिकले आणि मद्रासला नोकरीला लागले.

आई पहिल्यांदा मद्रासला आली, तेव्हा सुट्टीच्या दिवशी मी तिला ऑफिस दाखवायला नेलं. तिनं माझ्या कम्प्युटरसमोरची खुर्ची पुढं ओढली, पाठ ताठ केली आणि टाइपरायटरच्या सवयीनं करंगळी ए-वर जोरात दाबून धरली. पडदाभर ए धावत सुटले.

"अगं, हे थांबत कसं नाही?" ती घाबरून ओरडली.

"बोट उचल, आई!"

तिनं दोन्ही हातच वर केले. आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग ती पुन्हा सरसावून बसली. "शिकव," म्हणाली. "हळू कसं दाबायचं ते दाखव." मी तिचा हात हातात घेतला.