मनगटापासून सुरू होणारी गोष्ट

थोरल्या नातवाला जुळ्या मुली झाल्या आणि बार्शीच्या त्या स्लॅबच्या घरात दोन पाळणे शेजारी शेजारी लागले, त्या वर्षीच्या वैशाखातली ही गोष्ट. बाळंतीण आत निजली आहे, पोरी एकदाच्या गप्प झाल्या आहेत आणि द्वारकाबाई मधल्या खोलीत चटईवर आडव्या झाल्या आहेत. भर दुपार आहे. वर पंखा कुरकुरतो आहे, छातीवर एक पुस्तक पालथं पडलं आहे, आणि बाईंचं तोंड नासलेल्या दुधाचा घोट घेतल्यासारखं झालं आहे.

पुस्तक म्हणजे झेरॉक्सचे कागद, कडेला स्टेपल मारलेले. धाकटी नात मयूरी आणि तिच्या मैत्रिणी परदेशातल्या चित्रगोष्टी मोबाईलवर शोधतात, फुग्यांतली बोलणी मराठीत करतात आणि छापून आपापसांत फिरवतात. गोष्टी दोन पुरुषांच्या प्रेमाच्या. द्वारकाबाई साठी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकल्या. वर्तमानपत्राची बारीक अक्षरं त्यांना झेपत नाहीत. इथं एकेका फुग्यात चार शब्द, तेही ठसठशीत. म्हणून एक पुस्तक वाचलं, मग दुसरं. आता वाचवतही नाही आणि ठेववतही नाही.

दोन पुरुषांचं त्यांना काही नाही. त्यांचा थोरला भाऊ रंगनाथ, बांगड्या भरणारा कासार, सिद्राम नावाच्या माणसाबरोबर जन्मभर एका खोलीत राहिला. दिवाळीला दोघांनाही द्वारकाबाईंनी एकाच तबकानं ओवाळलं. शिसारी आहे ती पुस्तकातल्या त्या लांबड्याची. नावं परदेशी, जिभेवर बसत नाहीत, म्हणून बाईंनी आपली नावं ठेवली आहेत. लांबड्या हा कंपनीचा मालक, गोरटा हा त्याच्या हाताखालचा. लांबड्या पानापानाला गोरट्याचं मनगट धरतो, त्याला भिंतीला लावतो आणि म्हणतो, 'तू माझा आहेस.' गोरटा म्हणतो, 'नको.' आणि चित्रकार मेला त्याच्या गालांवर लाजेच्या रेघा काढतो, म्हणजे वाचणाऱ्यानं नकोचं हो करून घ्यावं!

त्यात बाईंनी ही पुस्तकं वर्गात शिकवल्याप्रमाणे डावीकडून वाचली. त्यांना गोष्ट दिसली ती अशी: आधी दोघं एका छत्रीतून जातात, एकमेकांना पेज भरवतात, आणि मग शेवटाला लांबड्या मनगट धरून भिंतीवर आपटतो. एवढ्या मायेनंतर हे? बाईंनी पुस्तक भिरकावलं. मयूरी पोट धरून हसली.

"आजी, ही उलट्या बाजूनं वाचायची. मागून पुढं. आधी तो रागीट असतो, मग हळूहळू प्रेमळ होतो."

"आणि मनगट?"

"ते सुरुवातीला असतं गं."

हसण्यावारी गेलं असतं. पण रविवारी मयूरीच्या साखरपुड्याची साडी घ्यायला गेले होते सगळे. दुकानातला पोरगा काहीतरी गमतीचं बोलला, मयूरी हसली, आणि होणाऱ्या नातजावयानं, तुषारनं, तिचं मनगट धरून तिला पायऱ्या उतरवून रस्त्यावर नेलं. रिक्षात द्वारकाबाईंनी बघितलं, मनगटावर चारही बोटं उठली होती. मयूरी ओढणी सारखी करत म्हणाली, "जीव आहे गं त्याचा माझ्यावर. सुरुवातीला असं असतंच."

साखरपुडा गुरुवारी आहे. मुलगा पुण्याला नोकरीत, साखरपुड्यासाठी रजा काढून इथंच आलेला, घरात सगळे खूश. द्वारकाबाईंनी तोंड उघडलेलं नाही. काय म्हणून उघडायचं, हेच त्यांना सापडत नाही. पापण्या जड होतात. पंख्याची कुरकुर लांब जाते, जवळ येते, पुन्हा लांब जाते.

"काय गं द्वारके, एरंडेल प्यालीस का?"

रंगनाथ उंबऱ्यात बसला आहे. खांद्यावर बांगड्यांची माळ, डोक्याला तोच मळका पंचा. द्वारकाबाईंना नवल वाटत नाही. उलट, चहा टाकायला हवा असं वाटतं आणि अंग हलत नाही.

"अण्णा, ऊन केवढं आहे. आत ये की."

"आत आलोच हाय." तो खरंच आत आहे, चटईच्या कडेला. पुस्तक त्याच्या हातात आहे. "हे काय वाचती?"

"तुला वाचता येतं का आता?"

"तिकडं सगळे मास्तरच हायत. शिकायला कुणी तयार न्हाई, मग शाळा कुठली?" तो पानं उलटतो. जीभ टाळ्याला लावून च् च् करतो. "ही दोघं खातात काय गं?"

"कॉफी पितात."

"भांडी कोण घासतं?"

"दाखवलेलं नाही."

"मग कसलं डोंबलाचं एकत्र राहणं? मी आणि सिद्राम जन्मभर त्या खरकट्या कढईवरनं भांडलो. ह्यांची आई कुठाय?"

"दोघांनाही आई नाही."

"तरीच. असती तर लांबड्याच्या पाठीत लाटणं घातलं असतं तिनं." तो एक पान डोळ्यांजवळ नेतो. "ही बाई कोण?"

"ती चहाडी करते. सगळ्या पुस्तकांत बाई एकच, आणि ती चहाडखोर."

"हात्तिच्या! आम्ही दोघं जगलो ते बायांच्या जिवावर. नहाण आलेल्या पोरीपासून नऊवारीतल्या म्हातारीपर्यंत सगळ्या आमच्या दुकानात बसायच्या. काय काय सांगायच्या. आम्हाला कुणी वावगं बोललं तर त्याच त्याचं थोबाड बंद करायच्या." एकदम घाण वास यावा तसा तो पुस्तक लांब धरतो. "हे प्रेम न्हाई, द्वारके. ही जप्ती हाय."

"एक पान बरं आहे," बाई म्हणतात. "पेज भरवतो ते. फुंकर घालून."

रंगनाथ ते पान बघतो. "हे त्यानं कुठंतरी बघून काढलंय," तो म्हणतो. "बाकीचं नुसतं डोक्यातलं."

पेजेचा वास येतो. मधली खोली आता रंगनाथची खोली आहे, पत्र्याची, भिंतीला खिळ्यांवर माळा. चुलीपुढे सिद्राम पाठमोरा बसला आहे आणि पातेलं ढवळतो आहे. पाठीवरचा सदरा उसवला आहे. द्वारकाबाई हाक मारतात, "सिद्रामभाऊ!" तो वळत नाही.

"त्याला ऐकू यायचं न्हाई," रंगनाथ म्हणतो. "तो अजून तुमच्यातला हाय. आज सकाळपास्नं दाढ दुखती त्याची, म्हणून पेज."

"तुम्ही भेटलात कसे? कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस? गड्ड्याच्या जत्रेत. त्याचा हात रहाटपाळण्याच्या चाकात आला होता. मी फडकं बांधलं आणि विचारलं, दुखतंय का? तो म्हणाला, हो. झालं."

"एवढंच?"

"मग काय भिंतीला लावायला पायजे होता?"

द्वारकाबाईंना हसू येतं, पण हसण्याचा आवाज येत नाही, कारण आता जत्रा आहे आणि जत्रेला आवाजच नाही. रहाटपाळणा फिरतो आहे. माणसं चालली आहेत, सगळी काळ्या रेघांची, कागदासारखी पातळ, हनुवट्या टोकदार, डोळे बशीएवढे. कुणालाच घाम नाही. डोक्यांवर पांढरे फुगे तरंगत आहेत, रिकामे. बांगड्यांच्या दुकानात रंगनाथ मांडी घालून बसला आहे आणि त्याच्यापुढे हात केलेल्या बायाही रेघांच्याच आहेत. फक्त त्यांची मनगटं खरी आहेत, सावळी, गोरी, सुरकुतलेली.

"बघ," तो म्हणतो. "दुसऱ्याच्या बायकोचं मनगट चारचौघांत धरायचा मान एका कासारालाच. नवरा शेजारी उभा असतो आणि कासार त्याच्या देखत हात धरतो. आपल्या आज्यापास्नं चालत आलंय. आणि बाई बांगड्या भरून झाल्या की वर त्याला नमस्कार करते. कशामुळं?"

"हात दुखवत नाही म्हणून."

"अंगठ्याच्या मुळाशी दाबायचं, हाड आत घ्यायचं. साबणाचा फेस लावायचा. आणि बाई नुसतं हं म्हणाली तरी थांबायचं. बांगडी अर्ध्यात अडकली तर ती वाढवायची. माल आपला, काच गेली तर गेली. पण हात ओढायचा न्हाई. मला बाबांनी मारलं होतं एकदा त्यापायी. एका पोरीचा हात ओढला होता मी. म्हणाले, ओढून भरलेली बांगडी बेडी बनती."

तो तांब्यातलं पाणी घेतो, साबणाची वडी फिरवतो, आणि द्वारकाबाईंच्या मनगटाला फेस चोळू लागतो. गार वाटतं. नवरा गेल्यापासून या हाताला काच लागलेली नाही.

"अरे, मला कशाला?"

"तुला न्हाई. तुझ्या हाताला शिकवतोय."

तेवढ्यात दुकानापुढून तो लांबड्या येतो. तोच, पुस्तकातला, कोटातला, केसांची बट डोळ्यावर. त्याच्या मुठीत एक मनगट आहे. मनगटामागे गोरटा नाही, मयूरी आहे, खरी, रक्तामांसाची. ती चालते आहे, अडखळते आहे, आणि तिच्या गालांवर कुणीतरी भराभर लाजेच्या रेघा ओढतं आहे. ती गाल पुसते, रेघा पुसल्या जात नाहीत.

जुन्या मोरीतला वास यावा तसा त्या लांबड्याचा वास येतो. द्वारकाबाई ओरडतात. आवाज निघत नाही. त्यांच्या डोक्यावर एक फुगा फुगतो आणि त्यांचं ओरडणं त्यात अक्षरं होऊन पडतं. बाई मान वर करून वाचू लागतात. बोट ठेवून, वर्गात शिकवलं तसं. सो. सोड. ति. अक्षरं हलतात. मयूरी पुढे गेली. सोड ति... लांबड्या भिंतीजवळ पोचला.

"वाचत बसू नको," रंगनाथ म्हणतो. "बोल."

"काय बोलू? ती म्हणते मागून वाच. आधी मनगट, मग प्रेम."

"आणि तू वाचलंस ते?"

"आधी प्रेम, मग मनगट."

"मग दोन्हीकडनं मनगट हायच की. पोरगी आता कुठल्या पानावर हाय?"

"पहिल्या."

"आणि पुढची पानं?"

"छापलेली नाहीत अजून."

"तेच," तो म्हणतो. "ती त्या पेजेच्या पानाची वाट बघत बसणार. जन्मभर बसंल. घरात तुम्ही सगळे तिला मुंडावळ्या बांधून बसवणार, आणि तू, कासाराची पोर, तिचं मनगट बघून गप्प बसणार." त्याचं तोंड वाकडं झालं आहे. तीच शिसारी, आणि या वेळी ती द्वारकाबाईंकडे बघून आहे. "पुस्तकाला काय नावं ठेवतीस? त्या बिचाऱ्या कागदाला तोंड न्हाई."

"अण्णा, असा बघू नको."

"मग ऊठ."

"तू चहा तरी—"

"ऊठ, द्वारके. पोरी रडायला लागल्या."

पोरी रडत आहेत. दोन्ही पाळणे एकदम. पंखा कुरकुरतो आहे. द्वारकाबाई चटईवर उठून बसतात आणि हात टेकतात, तर हात फरशीवरून सटकतो. त्या बघतात. उजव्या मनगटाला साबणाचा फेस आहे. पांढरा, ओला, अजून बुडबुडे फुटत असलेला. मोरी घराच्या मागे आहे आणि दुपारपासून त्या तिकडे गेलेल्या नाहीत.

बाळंतीण उठून पाळण्यांना झोके देऊ लागते. मयूरी चहाचा कप घेऊन येते. वैशाखात तिनं पुऱ्या बाह्यांचा ड्रेस घातला आहे.

"आजी, झोपेत काय बडबडत होतीस? हे काय, हाताला साबण?"

"बस इथं. हात दे."

"कशाला?"

"दे म्हणते ना."

मयूरी हसत हात पुढे करते. द्वारकाबाई बाही वर सारतात. त्या हात धरत नाहीत, आपल्या तळव्यावर नुसता घेतात, आणि ओल्या बोटांनी अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबतात. रविवारचे वळ काळेनिळे पडले आहेत. त्यांच्या शेजारी दोन नवे आहेत, लाल.

"दुखतंय का?"

"छे गं."

बाई हात सोडत नाहीत आणि धरतही नाहीत.

"मयूरी. दुखतंय का?"

मयूरी दाराकडे बघते, बाहेर बाप फोनवर मंडपवाल्याशी बोलतो आहे.

"हो," ती म्हणते. आणि मग, इतक्या हळू की पाळण्याच्या आवाजात बुडावं, "पण आता कसं सांगायचं?"

"तू नको सांगू," द्वारकाबाई म्हणतात. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठतात, पदर खोचतात आणि बाहेरच्या खोलीच्या दारात उभ्या राहतात. "सुभाष, फोन ठेव. गुरुवारचं होणार नाही."

"काय? आई, काय बोलतेस? मांडव सांगितलाय!"

"आधी आत ये आणि पोरीचा हात बघ. मग मांडवाचं बोलू."

सुभाष फोन कानाला तसाच धरून आत येतो. मयूरीनं बाही खाली ओढलेली नाही.

रंगनाथ कासार, द्वारकाबाईंचा थोरला भाऊ, या दुपारच्या आदल्या वर्षी भाद्रपद वद्य पंचमीला, पहाटे, बार्शीतल्या आपल्या खोलीत वारला.