चांदी, समोरून

कोल्हापूरचं पहिलं दर्शन मला झालं ते भरल्या डोळ्यांनी. भक्तिभावाने नव्हे, मिसळीने. नागपूरहून लांबचा प्रवास करून स्टेशनाबाहेर पडले, समोर दिसलं त्या हॉटेलात शिरले आणि ‘आम्ही सावजी खाणारी माणसं’ अशा तोऱ्यात कटाची (मिसळीवर ओतायचा झणझणीत रस्सा) वाटी सरळ तोंडाला लावली. गल्ल्यावरून मालक ओरडला, “आवो पावणं, दमानं! पाव हाय की संगट!” तोवर उशीर झाला होता. पुढची काही मिनिटं मी कोल्हापूर पाहिलं ते रुमालाआडून.

दिवाळीत घर सोडून यायचं कारण साधं होतं. यंदा मुलगी परदेशातून येणार नव्हती. रिकाम्या घरात एकटीने पणत्या लावत बसण्यापेक्षा निवृत्तीनंतर हौसेने घेतलेला छोटा ड्रोन पिशवीत टाकला आणि कधी न पाहिलेल्या गावाचं तिकीट काढलं. ड्रोनसोबत त्याच्या काळ्या काचांची डबीही होती. त्या काचांचं वेड मला नवीनच लागलं होतं, आणि या प्रवासाची सगळी गोष्ट त्यांच्यापाशीच येऊन थांबते, म्हणून त्यांच्याबद्दल आधी सांगते.

या काचांना एनडी फिल्टर म्हणतात. आपण उन्हात गॉगल घालतो, तसा हा कॅमेऱ्याचा गॉगल. रंग बदलत नाही, फक्त उजेड कमी करतो. भर उन्हात कॅमेऱ्याला आपली पापणी फार भराभर मिटावी लागते, त्यामुळे व्हिडिओतली हालचाल तुटक, झटके खाल्ल्यासारखी दिसते. काळी काच लावली की पापणी सावकाश मिटवता येते. मग प्रत्येक चित्र जरासं पुसट येतं, आणि ती पुसट चित्रं एकापाठोपाठ पळाली की हालचाल लोण्यासारखी मऊ दिसते. काच जितकी काळी, तितकी पापणी सावकाश आणि तितकं लोणी जास्त. माझ्या डबीत सौम्यापासून काळ्याकुट्ट काचेपर्यंत सगळ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुठे उडवायला परवानगी आहे ते नकाशात पाहून, मी रंकाळ्यावर गेले. सौम्य काचेने समाधान होईना म्हणून सर्वांत काळी लावली. पाण्यावरच्या लाटा अशा काही गुळगुळीत झाल्या की रंकाळ्यावर कुणी इस्त्री फिरवली असावी असं वाटलं. मी स्वतःवरच बेहद्द खूश झाले. तेवढ्यात एका घारीला ड्रोन आवडला नाही. तिने दोन झेपा घेतल्या, मी घाबरून तो खाली उतरवला तो थेट भेळवाल्याच्या पातेल्याशेजारी. “बाई, ह्येला बी कांदा घालू का?” त्याने विचारलं. आजूबाजूचे सगळे खदखदून हसले आणि मीही हसले.

संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायला गेले. इथे दूध कट्ट्यावर मिळतं, म्हणजे रस्त्याकडेला म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळलेला पेला तसाच कोमट हातात देतात. मला दूध देणारे गृहस्थ सत्तरीकडे झुकलेले, कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज असा की दोन गल्ल्यांत ऐकू जावा. त्यांना सगळे आण्णा म्हणत होते, मीही म्हणू लागले. लिंगायत गवळी. घरात कानडी, कट्ट्यावर मराठी. त्यांच्यामागे एकच म्हैस उभी होती. शिंगं पाठीपर्यंत गेलेली आणि कपाळावर रुपयाएवढा पांढरा चांद.

“ही चांदी,” आण्णा म्हणाले. “बाकीची गेली. ही बी परवा चाललीया, आजऱ्याकडं. माणूस बरा हाय, सांभाळंल.”

“का विकताय?”

“गल्लीत आता बिल्डिंगी झाल्या. गोठा नको म्हणत्यात लोकं. आन् माझं गुडघं बी नको म्हणत्यात.” मग माझ्या पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, “त्यात काय हाय?”

ड्रोन म्हटल्यावर त्यांनी पेला धुवायचा थांबवला. “त्ये लग्नात उडतंय त्ये? मग मला सांगा ताई, म्हशीच्या फुडं फुडं उडंल का? उलटं तोंड करून?”

“उडेल की. पण कशाला?”

तेव्हा कळलं ते असं. दिवाळीच्या पाडव्याला इथे म्हशी सजवून पळवतात. मालक मोटरसायकलवर पुढे सुटतो आणि हाक मारतो, म्हैस त्याच्या हाकेमागे जिवाच्या आकांताने धावते. चांदी अशी वर्षानुवर्षं आण्णांच्या मागे धावली होती.

“सगळ्या गावानं बघितली,” आण्णा म्हणाले. “मी न्हाय बघितली.”

“असं कसं?”

“बघणार कशी? फुडं मीच की! आरशात बघावं तर आरसा थरथरतोय, नुसतं काळं हलतंय. पोरांनी मोबाइलवर काढल्यात चिक्कार, पर सगळं बाजूनं न्हायतर मागनं. म्हस अंगावर येत असताना समोर कोण हुबा ऱ्हाईल?” त्यांनी चांदीच्या कपाळावर तळवा ठेवला. “एक फोटू पायजे ताई. समोरनं. पळतानाचा. तोंड दिसंल असा. भिंतीला लावीन.”

मी हो म्हणाले. किती सहज म्हणाले ते आता आठवतं आणि स्वतःचाच राग येतो.

पाडव्याच्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीला घरात सगळे अव्वा (कानडीत आई) म्हणतात. त्यांनी आधी जेवायला बसवलं. पापडासारखी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वाटी उपडी केली तरी पडणार नाही असं दही आणि होळगी (पुरणपोळी). कोल्हापूर म्हणजे तांबडा-पांढरा रस्सा असं घोकत आलेल्या मला त्या दह्याने गप्प केलं. मागे गोठ्यात आण्णा चांदीला नटवत होते. अंग भादरून तेल लावलेलं, शिंगांना रंग, डोक्यावर मोरपिसांचा तुरा, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत घुंगरू. अव्वा दारातून म्हणाल्या, “माझ्या लग्नात मला एवढं नटवलं न्हवतं.”

“तू कुठं पळत आलतीस माझ्या मागं?” आण्णा म्हणाले. अव्वांनी पदर तोंडाला लावला. हसल्या की डोळे पुसले, ते मला दिसलं नाही.

गर्दीवर ड्रोन उडवणं नियमात बसत नाही, म्हणून ठरलं की मुख्य मिरवणुकीआधी गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर चांदीला एकदाच पळवायचं. एकदाच, हे आण्णांनी दोनदा सांगितलं. तिचं वय झालं होतं, मिरवणुकीत ती नुसती चालणार होती.

माळावर ऊन मी म्हणत होतं. मी डबी उघडली. आण्णांनी काळी काच हातात घेतली, डोळ्याला लावून चांदीकडे पाहिलं आणि म्हणाले, “म्हस आदीच काळी, त्यात तुमची काच काळी. दिसंल का?”

मी हसले. मास्तरीण होते ना मी, समजावण्याची खोड जात नाही. उजेड कसा कमी होतो, हालचाल कशी मऊ होते, सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, त्यांना पटलं. खरं तर मला एवढंच विचारायला हवं होतं की आण्णांना काय हवंय, मऊ हालचाल की चांदीचं तोंड? पण माझ्या डोळ्यांपुढे रंकाळ्याचं गुळगुळीत पाणी होतं. मी सर्वांत काळी काच बसवली.

आण्णांनी गाडीला किक मारली. गाडीचा आवाज सगळ्या माळावर घुमला. मग त्यांनी हाक मारली, “आऽऽ चांदेऽऽ, आऽऽ!” आणि ती सुटली. एवढं अवजड जनावर इतक्या जोरात पळू शकतं, हे मला माहीत नव्हतं. घुंगरं वाजत होती, माती उडत होती, मान पुढे ताणलेली, नजर आण्णांच्या पाठीवरून हलत नव्हती. ड्रोन दोघांच्या पुढे, जरा बाजूने, उलटा उडत होता. माझी नजर मात्र हातातल्या पडद्यावर होती, आणि उन्हात त्या पडद्यावर धड काही दिसत नव्हतं. माळ संपला. आण्णा थांबले. चांदीने येऊन त्यांच्या खांद्यावर नाक टेकवलं.

“घावली का?” त्यांनी लांबूनच विचारलं.

“घावली!” मी त्यांच्याच भाषेत ओरडले.

संध्याकाळी मिरवणुकीवरून परतल्यावर आम्ही त्यांच्या माजघरात बसलो. मी लॅपटॉप पाटावर ठेवला. आण्णांनी चष्मा पुसला, अव्वा हातातलं काम टाकून आल्या. व्हिडिओ सुरू झाला आणि खरं सांगते, तो फार सुंदर होता. आण्णा पुढे, चांदी मागे, मागची धूळ सोनेरी, सगळं वाहत्या पाण्यासारखं. “आगं ये माझे बाई!” आण्णा एकदम ओरडले. त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा पाहिला. मग पुढे सरकून म्हणाले, “आता थांबवा की जरा. तोंड बघू दे.”

मी थांबवला. पडद्यावर एक काळा, ओला डाग होता. चुन्याचा कुंचला ओढावा तशी वर एक पांढरी रेघ. तो तिचा चांद होता. डोळे नव्हते. मी एक चित्र पुढे गेले. पुन्हा डाग. मागे आले, पुढे गेले, पुन्हा मागे. माझे कान तापले. कॅमेऱ्याची पापणी मीच सावकाश करून ठेवली होती, आणि पळणाऱ्या जनावराचं तोंड त्या पापणीत कुठेच ठरलं नव्हतं. पळत असताना ती होती, थांबवलं की ती नव्हती.

“ह्यात कुठं हाय ती?” अव्वांनी विचारलं.

“उद्या सकाळी परत काढू,” मी म्हणाले. “काच काढून. नक्की येईल. एकदाच, आण्णा.”

आण्णांनी चष्मा काढून ठेवला. “नको ताई. पाडव्याला पळाली, झालं. मी तिला म्हटलंय, आता बास. तिला काय सांगू, फोटूसाठी पळ?” आणि मग, माझा चेहरा पाहूनच असेल, हळू आवाजात म्हणाले, “असू द्या. पळती ती, थांबंल कशी?” ते उठून गोठ्यात गेले आणि चांदीच्या डोक्यावरचा तुरा स्वतःच्या हाताने सोडू लागले. मला त्यांनी बोल लावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारची माझी गाडी होती. सकाळी निरोप घ्यायला गेले तर गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा. मागचं फळकूट उघडून जमिनीवर टेकवलेलं, त्यावर पेंढा पसरलेला. आजऱ्याचा माणूस कासरा (दोर) ओढत होता आणि चांदी चारही पाय रोवून उभी होती. पाठीमागून ढकललं, पुढ्यात चारा धरला, काही उपयोग नाही. आण्णा दारात बसून होते. शेवटी ते उठले, त्या माणसाला म्हणाले, “वढू नगा. सोडा तिला.” गुडघ्यावर हात टेकत टेम्पोत चढले, अगदी आत जाऊन पाठ टेकून उभे राहिले, आणि त्यांनी तोंड चांदीकडे केलं.

“आऽऽ चांदेऽऽ.”

तिने मान वर केली. आणि ती धावली. चारच पावलं असतील, पण धावली, तशीच मान पुढे ताणून, थेट फळकुटावरून आत. मी तिच्या मागे उभी होते. मला तिची पाठ दिसली, आणि तिच्यापलीकडे आण्णांचा चेहरा. मोबाइल माझ्या हातात होता. काच नाही, गॉगल नाही, सकाळचा स्वच्छ उजेड होता. मी हात वर केला नाही. काढला असता तरी तो फोटो आण्णांचा आला असता, चांदीचा नाही.

आण्णा चांदीच्या बाजूने वाट काढत खाली उतरले. फळकूट वर लागलं, आण्णा टेम्पो वळेपर्यंत रस्त्यात उभे राहिले. मग माझ्याजवळ आले. “बघितली, ताई,” एवढंच म्हणाले. अव्वांनी डबा माझ्या हातात दिला, त्यात दही होतं. गल्लीत पहिल्यांदाच आण्णांचा आवाज हळू होता.

परतीच्या गाडीत शेजारी बसलेल्या एका बाईंनी विचारलं, कोल्हापुरात काय काय पाहिलंत? मी देवळाचं सांगितलं, रंकाळ्याचं, मिसळीचं. त्यांनी हट्ट धरला म्हणून चांदीचा व्हिडिओही दाखवला. प्रवासवर्णन लिहायला बसणारे आम्ही लोक गावाला जातो ते गावाने आपल्याला काय दिलं ते सांगायला. मला या वेळी गावाने एक काम सांगितलं होतं, फार लहानसं. ते करताना मी माझ्या हौसेकडे पाहिलं आणि त्या माणसाकडे पाहिलं नाही.

“अगंबाई, किती सुरेख! पाण्यासारखं!” त्या म्हणाल्या. “जरा थांबवा ना, म्हशीचं तोंड बघू.”

मी थांबवला नाही. तो संपेपर्यंत चालू दिला.