बाँडवरची सही

"हे आधी का नाही सांगितलंस?"

साहेब बाबांना विचारत होते. बाबा त्यांच्याहून वयाने मोठे, तरी अरे-तुरे. दिल्लीत करोल बागेतल्या त्यांच्या घरी आम्ही दोघं उभे, ते खुर्चीत. हातात माझी फाईल. मी वायरमनचा कोर्स केला, सुपरवायझरची परीक्षा दिली, आता वीजकामाच्या ठेकेदारीचं लायसन्स हवं होतं. त्याला बाँड लागतो, आणि बाँडवर जामीनदार म्हणून पत असलेल्या माणसाची सही. बाबा म्हणाले होते, आपले साहेब आहेत की, मराठी माणूस, घरचेच. मीही खुळी, बिल्कुल म्हटलं.

वीस वर्षं बाबा त्यांच्याकडची विजेची कामं करत होते. साहेब पुण्याला गेले की घराची किल्ली बाबांकडे. सणाला पुरणपोळीचा डबा यायचा. आडनाव कुणी विचारलं नाही. बाबांनी सांगितलं नाही.

साहेबांनी पेन उघडलं होतं. बाँडच्या मागे जातीचा दाखला होता, त्यावर अनामत रकमेत सवलत मिळते. तो त्यांनी दोनदा वाचला. पेनाला टोपण लावलं.

"देवघरातलं वायरिंगही तूच केलंस ना?"

बाबा हो म्हणाले.

"किल्ली ठेवून जा. सहीचं जमणार नाही."

जुडग्यातून ती किल्ली लवकर निघेना. बाबांनी ती सोडवली, टेबलावर ठेवली आणि हात जोडले. "माफ करा साहेब, चूक झाली."

चूक? कसली चूक? मी फाईल साहेबांच्या हातातून ओढून घेतली.

"चूक आमची नाही. तुमची सही आता मलाच नको."

घरी आल्यावर बाबा म्हणाले, दाखला काढून टाक, जनरलमधून फॉर्म भर, आडनावाचं नुसतं पहिलं अक्षर लिही, दुसरं कुणी सही देईल. जन्मभर ते असेच लपत जगले, हे मला तेव्हा कळलं. आणि शाळेत मीही फक्त पहिलं नाव सांगायचे, तेही आठवलं. रडू आवरेना.

मी नाही म्हटलं. बाबा न जेवता भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांना मी दुखवलं, ठाऊक आहे मला.

जामीनदार मिळेपर्यंत दुसऱ्याच्या हाताखाली तारा ओढीन. ज्याच्याकडे सही मागायला जाईन, त्याला दाखला आधी दाखवीन. लायसन्सवर माझं नाव येईल ते आडनावासकट येईल. नाहीतर ते लायसन्स मला नको.