रिकाम्या सॅकचं ओझं

आधीच सांगून टाकते — भूत, करणी, अंगात येणं, यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. हे लिहितानाही नाही. आमच्या घरी देव्हाऱ्याच्या जागी पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढायचे आणि मी ती आठवडी बाजारात वाटायचे. त्यामुळे हा अनुभव इथे लिहायला लाज वाटते. पण खरी लाज वेगळ्याच गोष्टीची आहे.

गेल्या वर्षीचा, म्हणजे २००६चा नोव्हेंबर. मी अमेरिकेत मॉरिसव्हिलला राहायचे, सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या प्रोजेक्टवर. लंच टेबलवर मी एकदा भाषण ठोकलं की मांस खाणाऱ्याने मरण एकदा तरी डोळ्यांनी बघावं. समोर डॉना बसली होती. आमच्या टीममधली, पंचावन्नची, डोंगराकडची, लहानपणापासून शिकार करणारी. ती शांतपणे म्हणाली, "मग चल की."

बंदूक ती चालवणार, मी नुसती सोबत. अॅशव्हिलच्या पुढे, जंगलात चार मैल आत, एक रात्र मुक्काम. मला फक्त सॅक घ्यायची होती. डॉनाने बजावलं होतं, "कापड खरखरणारं नको, हरणाला ऐकू जातं. हिप बेल्ट कंबरेवर नीट बसला पाहिजे. पाठीतल्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या काढून बघ, सरळ आहेत का. आणि लहान घेऊ नकोस, येताना मांस असतं."

दुकानात सगळ्यात स्वस्त सॅक खांद्याला काचत होती. दुसरी पावलागणिक खरखरत होती. तिसरी अगदी हवी तशी… पण परवडणारी नव्हती. माझी रूममेट केतकी म्हणाली, "अगं यार, तीच घे. टॅग आत खोच, वापर, सोमवारी परत करून टाक. सगळे करतात."

सगळे करतात म्हणूनच मी महाराष्ट्र मंडळाच्या अंकात त्यावर लेख लिहिला होता. वापरून परत करणं ही सरळ चोरी आहे, असं.

मी तीच घेतली. टॅग आत खोचला.

जंगलात रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डॉनाने हरीण पाडलं. मी पाहिलं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी वाद घालीन. तिने ते सोलून, तुकडे करून कापडी पिशव्यांत भरलं. पिशव्या ओल्या होत्या, लाल डाग वर येत होते.

"दोन तुझ्याकडे, दोन माझ्याकडे," ती म्हणाली.

मला फक्त सॅकचं कोरं अस्तर आणि आत खोचलेला टॅग दिसत होता.

"डॉना, मला ते पाठीवर घेता येणार नाही… आमच्या धर्मात चालत नाही."

मी. बाबांची मुलगी.

तिने डोक्यावरची टोपी काढली. "सॉरी. मी आधी विचारायला हवं होतं." तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. तिने चारही पिशव्या स्वतःच्या सॅकमध्ये भरल्या. मी तिची स्लीपिंग बॅग घेतली. ती कोरडी होती ना.

उतार सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत माझे पट्टे खांद्यात रुतायला लागले. थांबून सॅक उघडली. दोन स्लीपिंग बॅगा आणि पाण्याची बाटली. हाताने उचलली तर हलकी. पाठीवर घेतली की गुडघे वाकत होते. डॉना पुढे शीळ घालत चालली होती. डॉनाच्या ट्रकपाशी पोहोचले तेव्हा माझ्या दोन्ही खांद्यांवर वळ उठले होते.

"वीस वर्षांत इतकी हलकी उतरले नव्हते," डॉना म्हणाली. "तुझ्या देवाने हात लावला बघ. नाव काय गं त्याचं?"

"गणपती," मी म्हणाले. तोंडात आलं ते.

सोमवारी सॅक परत करायला गेले. काउंटरवरच्या माणसाने सॅकच्या पाठीवरून हात फिरवला, थबकला आणि आतल्या दोन्ही पट्ट्या बाहेर ओढल्या. कंबरेपाशी धनुष्यासारख्या वाकल्या होत्या.

"यात काय नेलंत?"

"दोन स्लीपिंग बॅगा."

त्याने पट्टी गुडघ्यावर दाबून पाहिली. ती हलली नाही. "मग पीसच डिफेक्टिव्ह आहे. सॉरी, मॅम."

दोन दिवसांत माझी माफी मागणारा तो दुसरा माणूस. मी रिफंड घेतला.

केतकीचं म्हणणं, पट्ट्या आधीच वाकलेल्या असणार. पण घेताना मी त्या स्वतः काढून टेबलावर ठेवून पाहिल्या होत्या. खांदे दुखणं, वळ उठणं हे थकव्यावर, मनातल्या टोचणीवर ढकलता येईल. मी तसं ढकललंही. धातूला मन नसतं. मला उत्तर मिळालेलं नाही, आणि 'त्यात दैवी काहीतरी होतं' हे उत्तर मी घेणार नाही.

आता मी न्यू जर्सीत असते. परवा डॉनाचा फोन आला. या सीझनला तिला नऊ मैल आत जायचं आहे. गुडघ्याच्या डॉक्टरने साफ नाही म्हटलंय. "पण तू येशील ना," ती हसत म्हणाली, "तू असलीस की मला काही होत नाही."

मी "बघते" म्हणाले.

हा मजकूर मी सकाळपासून तीनदा खोडून लिहिलाय. हे सांगायला तिला अजून एकदाही फोन लावलेला नाही.