करीमभाईंची न फाडलेली रद्दी

रिठदला एका लग्नघरी कपड्यांची मापं घेत होतो, तेव्हा मालेगावहून आलेल्या गाडीवानानं उभ्या उभ्याच सांगितलं, "मास्तर, करीमभाई गेले." आदल्या दिवशी त्यांच्याच दुकानावर चहा पिऊन निघालो होतो... फीत गुंडाळली आणि त्याच गाडीत बसलो. मातीला वेळेवर पोचलो, एवढंच समाधान. त्याला आता काही आठवडे झाले.

आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान आणि माझं शिलाईचं, मधे एकच भिंत. पुड्या बांधायला ते रद्दी घेत. जुनी वर्तमानपत्रं येत, कुणाच्या घरची आवराआवर झाली की पुस्तकंही येत. वर्तमानपत्र ते सरळ फाडत. पुस्तक हातात आलं की मात्र थांबत. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण मराठी आणि उर्दू दोन्ही वाचायचे. "वाचल्याबिगर फाडू कसा, गणपत? लिहिणाऱ्यानं काही तरी सांगतलं असन ना!" असं म्हणून पुस्तक मागच्या खोलीत ठेवून देत आणि सवडीनं, ओठ हलवत, हळूहळू वाचत. आणि वाचून झालेलं पुस्तक तर त्यांच्यानं मुळीच फाडवत नसे. ते गावात कुणाला तरी देऊन टाकत. मग वर्तमानपत्रं संपली की पुड्यांना कागद कुठला? हळद-जिरं पळसाच्या पानात बांधून मिळे, आणि गिऱ्हाइकं हसत.

मागची खोली भरत गेली. एकदा मिरचीचं पोतं ठेवायलाही जागा उरली नाही, तेव्हा त्यांच्या बायको, अमिनाभाभी, तरातरा माझ्या दुकानात आल्या. "तुमीच सांगा भाऊ यायले! एक वाचून होते तवा चार येऊन पडतात. जन्मात तरी सरन काय हे?" मागून करीमभाईंचा आवाज आला, "सरू कायले पाह्यजे?" पण भाभींचं म्हणणं त्यांनी मनावर घेतलं. विटांवर फळ्या टाकून पुस्तकं नीट रचली, वाळवी लागू नये म्हणून मधे कडुलिंबाचा पाला घातला, दर उन्हाळ्यात सगळी अंगणात मांडून ऊन दाखवू लागले. जो गठ्ठा आधी आला तो आधी वाचायचा, मधलंच एखादं चटकदार ओढून काढायचं नाही, असा स्वतःलाच नियम घातला आणि तो शेवटपर्यंत पाळला.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत कागद दिसेनासा झाला. अकोल्याहून एक व्यापारी आला, सगळा ढीग चांगल्या भावानं उचलतो म्हणाला. धंदा तेव्हा बसलेला. साखर नाही, रॉकेल नाही. भाभी दारात येऊन उभ्या राहिल्या. करीमभाई म्हणाले, "वाचून झालं नाही अजून." व्यापाऱ्याला ती थट्टा वाटली.

लढाई संपल्यावर वाशीमहून एक तरुण वकील विचारत विचारत आला. तो नागपुरात शिकत असताना वडील वारले आणि घरच्यांनी त्यांची सगळी पुस्तकं रद्दीत घातली होती. दुकानामागून दुकान पालथं घालून तो थकला होता. करीमभाईंनी वडिलांचं नाव विचारलं आणि त्याला मागे नेलं. गठ्ठा सोडला. पहिल्याच पुस्तकावर वडिलांच्या अक्षरातलं नाव पाहून तो तिथंच पोत्यावर बसला.

"तुम्ही फाडली नाहीत?"

"या पुस्तकायचा नंबर आत्ता कुठं येऊन राह्यला होता, सायेब."

भरल्या गाडीनं पुस्तकं वाशीमला गेली. करीमभाईंनी पैसे घेतले नाहीत. तीन पुस्तकं तेवढी मागून ठेवली, वाचून परत करायच्या बोलीवर. त्या दिवशी भाभींनी ही हकिकत सगळ्या बाजाराला सांगितली, येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितली. मीही सांगितली, आजही सांगतो. आमच्या बाजारात असा माणूस होता आणि आमची भिंत एक होती!

परवा भाभींनी ती तिन्ही पुस्तकं माझ्यापुढं ठेवली. "वाशीमले पोचवा, भाऊ. त्यायचा शब्द होता." त्यातली दोन करीमभाईंनी वाचली होती आणि भिंतीपलीकडून मला सांगितलीही होती. तिसरं मात्र राहून गेलं होतं. बोली तर वाचून परत द्यायची होती... मी वर्तमानपत्रापलीकडे फारसं कधी वाचलं नाही. सध्या दुपारी मशीन थांबवतो आणि ते घेऊन बसतो. वकिलांना निरोप पाठवला आहे, जरा थांबा म्हणून. अजून अर्धं वाचून व्हायचं आहे.