गिटारीवर पियानो

सर्व लहानथोर वऱ्हाडवासीयांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आपले वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले असताना आणि बदल्यांपासून बढत्यांपर्यंत सारे हुकूम नागपूरहून येत असताना, बुलढाणा मुक्कामी एका वकिलाचे आणि स्पेन देशाचे युद्ध झाले. सरकारदरबारी त्याची नोंद नाही. तोफ उडाली नाही. रक्त मात्र सांडले, ते त्या वकिलाच्या डाव्या हाताच्या बोटांचे. तो वकील मी.

भांडणाला कारण आमच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर. माणूस गोव्याचा, अविवाहित, बोलायला मोजका. संध्याकाळी रोगी संपले की व्हरांड्यात गिटार घेऊन बसायचा. मी कोर्टातून घरी जाताना आधी फाटकाशी थांबू लागलो, मग पायरीवर बसू लागलो, आणि एक दिवस, कुठला ग्रह वक्री होता देव जाणे, "मला शिकवाल का?" असं विचारून मोकळा झालो. सतार मला थोडीफार येत होती. मला वाटलं, तार ती तार.

डॉक्टरांकडे गिटारी दोन. एक त्यांची लाडकी. दुसरी त्यांनी मुंबईच्या पुतण्यासाठी ठेवलेली, आणि पुतण्याला ती दिवाणखान्यात टांगायला हवी होती. डॉक्टरांना त्याचा राग. ते म्हणाले, "ही घरी न्या. एक तुकडा देतो. तो लोकांसमोर वाजवून दाखवा, आणि लोकांनी शेवटपर्यंत बसून ऐकला पाहिजे. तसं झालं तर गिटार तुमची. नाही झालं तर पुतण्याची भिंत."

मी गिटारीच्या पोटावर हात फिरवला आणि हो म्हणालो. त्या क्षणापासून मला ती गिटार हवी होती, लहान मुलाला दुकानातला भोवरा हवा असतो तशी. वकिली करूनही मी करार वाचला नाही.

करार म्हणजे तो तुकडा. डॉक्टरांनी ट्रंकेतून कागद काढले. त्यांवर काळे ठिपके असे सांडलेले, की कुणीतरी टाक झटकला असावा.

"हे स्पेनच्या एका माणसानं पियानोसाठी लिहिलं," डॉक्टर म्हणाले.

"मग मी काय पियानो शिकायला आलोय?"

"पियानोसाठी लिहिलं, पण ते गिटारीसारखं वाजावं म्हणून लिहिलं. पुढे दुसऱ्या कुणी ते गिटारीसाठी करून घेतलं."

"म्हणजे पियानोनं गिटारीची नक्कल केली. आणि आता गिटारीनं त्या नकलेची नक्कल करायची?"

"बरोबर."

"अहो, मग मधे हा पियानो आलाच कशाला? कोर्टात असला साक्षीदार मी पहिल्या प्रश्नात उडवला असता!"

"वकीलसाहेब," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "अंगठा सरळ ठेवा."

पियानोवाल्याचं काय जातं! दहाही बोटं मोकळी, समोर हवे तेवढे सूर मांडून ठेवलेले. बोट ठेवलं की सूर हजर. गिटारीवर डाव्या हाताची चार बोटं तारा दाबण्यातच अडकतात आणि सूर काढतो उजवा हात. पियानोवर टांगा पसरून बसलेले ते सूर इथे एका खाटेवर झोपवायचे. कोणाचा पाय कोणाच्या तोंडात, काही विचारू नका. तो स्पॅनिश माणूस मला भेटला असता तर मी त्याच्यावर दिवाणी आणि फौजदारी दोन्ही लावल्या असत्या. ज्यानं ते गिटारीसाठी करून घेतलं, त्याला सहआरोपी केलं असतं.

त्यातून त्या तुकड्याची तऱ्हा अशी, की चाल खर्जाच्या जाड तारांवर अंगठ्यानं वाजवायची आणि बारीक तारेवर एकच सूर पुन्हा पुन्हा टोचत राहायचा. आमच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, पहिल्याच आठवड्यात विचारलं, "काऊन हो, तुमच्या त्या स्पेनात कोंबड्या फार हायेत का?"

"काऊन?"

"नाही, तासाभरापासून एकच कोंबडी दाणे टिपून राह्यली, म्हणून पुसलं."

त्या डोणगावच्या. डोणगावच्या माणसाला संगीतातलं कळतं की नाही मला ठाऊक नाही, पण बोलायचं कुठे ते बरोबर कळतं.

एका सकाळी देऊळघाटची एक बाई डोक्यावर गादी घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसली. "पिंजारीदादा हायेत का घरात?"

"इथं पिंजारी नाही, वकील राह्यतात," मंडळी म्हणाल्या.

"मंग हे काय वाजून राह्यलं?"

"वकीलच वाजवून राह्यले."

बाईनं थोडा विचार केला. "त्याहिले म्हना, येवढी गादी पिंजून द्या. मी बसतो तवरक."

मंडळी हसून हसून आत जाऊन पडल्या. दुपारी गल्लीच्या टोकाचा खरा पिंजारी स्वतः आला. भला माणूस, पण चेहरा गंभीर. "वकीलसाब, मेरे गिऱ्हाईक तुम्हारे ओटे पे बैठ रहे. या तो बाजा बंद करो, या रुई तुमीच पिंजो." मी दार लावून वाजवायचं कबूल केलं. दारं लावून बसलो की घामाच्या धारा, आणि तारेवर घाम लागला की बोट घसरून भलत्याच सुरावर. त्यात पुन्हा स्पेनचाच फायदा.

नखांची गोष्ट तर सांगूच नये. डाव्या हाताची नखं अगदी बुडापासून कापलेली हवीत आणि उजव्या हाताची वाढलेली. कोर्टात पक्षकारांचं लक्ष कागदावर राहीना, माझ्या पंजावर जाई. एकानं हळूच विचारलं, "वकीलसाहेब, हे नवसाचे हायेत का?" मी गिटार समजावून सांगितली. त्याला ती समजली नाही. बाहेर जाऊन त्यानं इतकंच सांगितलं, की हा वकील नखं वाढवून बसला आहे, भलता जालीम असला पाहिजे. त्या महिन्यात माझ्याकडे कामं वाढली, हे मला नाइलाजानं नमूद करावं लागतं.

आणि मग तो रविवार. न्हावी ओट्यावर दाढी करीत होता. थंड हवा, गालावर साबण, माझा डोळा लागला. जागा झालो तेव्हा तो नराणी पुसत होता आणि माझ्या उजव्या हाताची पाचही नखं सतरंजीवर पडली होती.

"लयच वाढले होते, मालक," तो कौतुकानं म्हणाला. "तुमच्या ध्यानात नसन राह्यलं."

मी पाचही नखं वेचून रुमालात बांधली. बोललो असतो तर रडलो असतो.

त्याच आठवड्यात नागपूरहून डॉक्टरांच्या बदलीचा हुकूम आला. जबलपूर. निरोपाचा समारंभ हायस्कूलच्या हॉलमध्ये ठरला, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन एवढंच म्हटलं, "लोकांसमोर. शेवटपर्यंत." घरी मंडळींनी देवापुढे हात जोडले. "ते बाजं एकदाचं मुंबईले गेलं, तं मी देऊळगावराजाच्या बालाजीले अभिषेक करीन." बाहेर स्पेन होतंच, आता घरातही आघाडी उघडली.

समारंभाच्या दिवशी हॉल भरला. सतरंज्यांवर वकील, मास्तर, कारकून, कापसाचे व्यापारी. बायका एका बाजूला बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे. भाषणं झाली, शाळेतल्या गायनमास्तरांचं गाणं झालं. मग मी खुर्चीवर बसलो, धान्य मापायची पायली उपडी घालून तिच्यावर डावा पाय ठेवला, आणि सुरुवात केली. नखं अर्धवट वाढलेली, तरी कोंबडीनं दाणे असे टिपले की मलाच नवल वाटलं. डॉक्टर दाराशी उभे होते. त्यांनी मान हलवली. गिटार मला माझी वाटू लागली.

मग आला मधला संथ भाग. त्यात सूर एकेक करून हळूहळू खाली उतरत येतात. आता त्या स्पॅनिश माणसाला कोणी सांगितलं होतं ठाऊक नाही, पण ते सूर होते थेट भैरवीचे. पहिल्या रांगेत एक निवृत्त तहसीलदार बसले होते, गावातले मोठे दर्दी. त्यांनी डोळे मिटले, मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "भैरवी! वा!" मग त्यांनी मला नमस्कार केला आणि ते उठले.

आपल्याकडे मैफलीचा शेवट भैरवीनं होतो. भैरवी ऐकली की लोक समजतात, संपलं, चला. तहसीलदार उठले म्हणून वकील उठले, वकील उठले म्हणून कारकून उठले. दाराशी जोड्यांची शोधाशोध सुरू झाली. व्यवस्थेवाल्यांनी अत्तरगुलाब काढला. एकानं तर वाजवत असलेल्या माझ्या उजव्या हातावर अत्तराचा फाया फिरवला! गुलाबाच्या वासात मी वाजवतोय, निम्मा तुकडा अजून बाकी, आणि समोर पाठीच पाठी. थांबून "बसा हो" म्हणावं तर तुकडा मोडला. वाजवत राहावं तर ऐकायला माणूस नाही. दोन्हीकडून गिटार मुंबईला. डॉक्टरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि ते तो पुसू लागले.

आणि सगळा हॉल पुन्हा खाली बसला. एकदम बसला, ज्याला जिथे जागा मिळाली तिथे. तहसीलदार दारातल्या जोड्यांवर बसले. मी उरलेला तुकडा वाजवला, कोंबडी परत आली, तिनं दाणे संपवले, शेवटचा सूर विरला, तरी कोणी हललं नाही आणि कोणी टाळीही वाजवली नाही. परवानगी आहे की नाही, हेच कोणाला समजेना. डॉक्टर सरळ चालत आले आणि गिटारीच्या पेटीची किल्ली त्यांनी माझ्या कोटाच्या खिशात टाकली.

एवढ्या मोठ्या सभेला खाली बसवायला ना अध्यक्ष उठले होते, ना पोलिस. चिकाच्या पडद्यामागून, डोणगावच्या खणखणीत आवाजात, आमच्या मंडळी ओरडल्या होत्या: "बसा खाली गुपचूप सगळे! आखाडापासून मी रोज ऐकून राह्यली हे, तुमाले एक डाव ऐकाले काय धाड भरली?"